पहिल्या पावलाची सोबत

ज्या घरात आजोबा शिकलेले, वडील शिकलेले, त्या घरातील मूल शाळेत जाऊ लागले तर त्याचे कोणालाच नवल वाटत नाही. पुस्तकाला वेष्टन कसे घालावे, अभ्यासाला केव्हा बसावे, अडले तर कोणाला विचारावे, हे त्या मुलाला मुद्दाम शिकवावे लागत नाही. ते त्याच्या घरच्या हवेतच असते. परंतु ज्या घरातून आजवर कोणी शाळेची पायरी चढलेले नाही, त्या घरातील मूल दप्तर घेऊन निघते, तेव्हा ते एकटेच निघते. त्याच्या मागे आईबापांचे आशीर्वाद असतात. पुढे वाट दाखविणारे मात्र कोणी नसते. ही दोन मुले एकाच वर्गात, एकाच बाकावर शेजारी शेजारी बसतात. गुरुजी तेच, धडा तोच, घंटाही तीच. वरवर पाहणाऱ्याला वाटते की, दोघांची शर्यत एकाच रेषेपासून सुरू झाली आहे. तसे नसते.

विद्यार्थिमित्रहो, घरातील पहिल्या शिकणाऱ्या मुलाला नेमके काय उणे असते आणि ते कोणी व कसे भरून काढावे, याचा विचार आज आपण करू. माझे मत आरंभीच सांगतो. अशा मुलाला पुस्तके हवीत, गणवेश हवा, शुल्कमाफी हवी, हे तर खरेच. परंतु या सर्वांहून त्याला अधिक हवी असते ती सोबत. आणि ही सोबत वर्गाच्या चार भिंतींत पुरी होत नाही; तिला शिवार, डोंगर आणि नदीकाठ यांचीही जोड लागते.

कोणी म्हणेल, आता शाळेचे दार सर्वांना उघडे आहे. मग अडचण कसली? दार उघडे आहे, यात शंका नाही. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. पूर्वीच्या पिढ्यांनी ज्यासाठी जन्मभर खटपट केली, ते कायद्याने साधले. साताऱ्याजवळचे कटगुण हे ज्यांच्या पूर्वजांचे गाव, त्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देऊन, बहुजनांच्या मुलांपर्यंत प्राथमिक शिक्षण पोहोचले पाहिजे असे आग्रहाने मांडले होते. त्या मागणीपासून या कायद्यापर्यंत सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. परंतु कायदा दार उघडू शकतो. दाराशी बावरून उभ्या राहिलेल्या मुलाचा हात तो धरू शकत नाही. हात धरण्यास माणूसच लागतो.

या मुलाच्या अडचणी लहान असतात, म्हणूनच त्या कोणाच्या ध्यानात येत नाहीत. प्रगतिपुस्तकावर पालकांची सही आणावयाची असते. आई अंगठा उठविते, आणि तो निळा ठसा वर्गात दाखविताना मूल ओशाळते. घरात ‘पानी’, ‘लोनी’, ‘व्हतं’, ‘न्हाई’ असे बोलले जाते. वर्गात तेच शब्द उच्चारले की मागच्या बाकावरून हसू येते. मग मूल बोलणेच सोडून देते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत टळून जाते, कारण घरी कोणाला ती ठाऊकच नसते. सांगली-साताऱ्याच्या उसाच्या पट्ट्यात ऊसतोडणीसाठी आलेली कुटुंबे आपण पाहतोच. गळिताचा हंगाम सुरू झाला की ती गाव सोडतात, फडाजवळ खोपी घालतात, आणि त्यांच्या मुलांची शाळा वर्षाच्या मध्येच मागे राहते. अशी मुले बुद्धीने कमी नसतात. पण आपल्याला कळत नाही, ही समजूत एकदा मनात घर करून बसली, की ती काढणे फार कठीण जाते. मूल शाळा सोडते ते बहुधा एका दिवसात सोडत नाही. पुष्कळ दिवस गप्प राहून मग सोडते.

अशा वेळी एखादा जाणता मनुष्य भेटला तर काय घडते, याचा एक दाखला साऱ्या देशाला ठाऊक असावा असा आहे. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव नावाच्या एका मुलाचे नाव घातले गेले. तेच पुढे भारतीय संविधानाचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाले. त्यांचे वडील रामजी सुभेदार हे वाचन-लेखनाची आवड असलेले होते. म्हणून घरची सोबत त्यांना लाभली. परंतु जातीमुळे शाळेत मात्र त्यांना इतरांपासून वेगळे बसावे लागे. पुढे हे कुटुंब मुंबईस आले. तेथे चर्नी रोडच्या बागेत हा विद्यार्थी वाचीत बसलेला असे. त्याच बागेत येणाऱ्या कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांची दृष्टी त्याच्यावर गेली. त्यांनी विचारपूस केली, वाचण्यास पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. आणि पुढील शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांचे साहाय्य मिळावे म्हणून खटपटही केली. गुरुजी काही त्यांच्या वर्गाचे शिक्षक नव्हते. एका बागेत वाचणारा मुलगा त्यांनी पाहिला आणि ते थांबले, एवढेच. पण अशा थांबण्यानेच मोठी कामे सुरू होतात.

एका मुलासाठी थांबणे ही थोर गोष्ट आहे. हजारो मुलांसाठी जन्मभर थांबणे ही त्याहून थोर. हे कार्य आपल्याच मातीत कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केले. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक हे त्यांच्या घराण्याचे गाव. किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले, आणि शेतकऱ्याच्या घरात नांगराइतकीच अक्षराचीही उणीव आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली व तेथे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नाव देण्यात आले.

या वसतिगृहाची एक गोष्ट तुम्ही नीट ध्यानात घ्यावी. तेथे वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकाच पंगतीत जेवत. ज्या काळी एका विहिरीवर पाणी भरण्यासही मज्जाव होता, त्या काळची ही गोष्ट आहे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांची आई झाल्या. मुलांच्या जेवणाला धान्य उरले नाही, तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. घरातून प्रथमच बाहेर पडलेल्या मुलाला ‘तू जेवलास का?’ असे विचारणारे कोणी असणे, ही शिक्षणाची पहिली पायरी आहे. ती पायरी त्या माउलीने बांधली.

दुसरी गोष्ट आहे श्रमाची. भाऊरावांची मुले फुकटचे अन्न खात नसत. ती शेतात राबत, स्वयंपाकाला हात लावीत, आवार झाडीत, आणि त्यासोबत पुस्तकही वाचीत. १९४० साली साताऱ्यात सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात ‘कमवा आणि शिका’ या योजनेला निश्चित रूप आले. १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयातही ती राबविली गेली. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद ठरले आणि वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह. ज्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण इंग्रजी सहावीच्या पलीकडे गेले नव्हते, त्या भाऊरावांना १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी. लिट्. ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी ९ मे रोजी ते निवर्तले.

आता प्रश्न असा की, मुलांच्या हाती कुदळ देण्यात भाऊरावांनी काय साधले? केवळ खर्चाची सोय झाली, असे समजणे चूक ठरेल. शेतकऱ्याचा मुलगा प्रथम शाळेत येतो तेव्हा आपले हात मळलेले आहेत याची त्याला लाज वाटते. भाऊरावांनी त्याला सांगितले की, ज्या हातांची तुला लाज वाटते, त्याच हातांनी तू आपले शिक्षण कमावणार आहेस. जे उणे वाटत होते, तेच भांडवल झाले. शिकून मुलगा बापाच्या कष्टाकडे पाठ फिरवील, ही भीतीही त्यामुळे उरली नाही.

असाच विचार साता समुद्रांपलीकडे, अमेरिकेतही एका माणसाने केला. बुकर टी. वॉशिंग्टन हा १८५६ साली गुलामगिरीत जन्मला. शिकण्याच्या ओढीने १८७२ साली तो हॅम्पटन येथील विद्यालयात पोहोचला. बरीचशी वाट त्याने पायी तुडविली होती. प्रवेश द्यावा की नाही हे ठरविण्यापूर्वी तेथील शिक्षिकेने त्याला एक खोली झाडावयास सांगितली. त्याने ती इतक्या निगुतीने झाडली व पुसली की, धुळीचा कणही सापडला नाही. तीच त्याची प्रवेशपरीक्षा ठरली. १८८१ पासून टस्कीगी येथे त्याने स्वतःची संस्था उभारली. इमारतींसाठी विटा विद्यार्थ्यांनीच भाजावयाच्या, असे ठरले. एकामागून एक तीन भट्ट्या फसल्या. हाती पैसा उरला नाही, तेव्हा त्याने आपले घड्याळ गहाण ठेवले आणि चौथी भट्टी लावली, ती साधली. तिकडे एक घड्याळ, इकडे एक मंगळसूत्र! देश निराळे, माणसे निराळी. पण पहिल्या पावलाला सोबत देणाऱ्यांची जात एकच.

येथे एक आक्षेप ऐकू येतो. तो असा : ‘गरिबांची मुले आधीच रानात राबतात. शेळ्या हाकतात, मोळ्या वाहतात. त्यांना डोंगर आणि शिवार दाखविण्यात काय हशील? त्यांना वर्गात बसवा, पुस्तक द्या.’ या आक्षेपात तथ्य आहे. जे काम मुलाच्या हातून पुस्तक काढून घेते, ते काम त्याच्यावर लादणे हा अन्यायच आहे. त्याचे समर्थन कोणीही करू नये. परंतु राबण्यासाठी रानात जाणे वेगळे आणि विचारण्यासाठी रानात जाणे वेगळे. पहिल्या वेळी मुलाचे शरीर रानात असते. दुसऱ्या वेळी त्याची बुद्धीही तेथे जागी होते. रान तेच असते. पण जे मूल कालपर्यंत तेथे केवळ कष्ट करीत होते, ते आज तेथे ‘असे का?’ म्हणून प्रश्न करू लागते.

आणि आपल्या सातारा-सांगलीच्या भूमीइतका मोठा ग्रंथ दुसरा कोठे शोधावा? महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर असलेल्या म्हसवडच्या माळावर तो जेमतेम ५०० मिलिमीटर होतो. समुद्राकडून आलेले ढग सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि रिते होतात. पलीकडे उतरणाऱ्या वाऱ्यात पाणी उरत नाही. पुस्तकात हा धडा चार ओळींचा आहे. पण पश्चिमेच्या ओल्या घाटातून पूर्वेच्या कोरड्या माळावर आलेल्या मुलाला तो जन्मभर विसरता येत नाही. कृष्णामाईच्या काठाने चालत जावे : माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. मोठी नदी एकटी मोठी होत नाही, हे तेथे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. कासच्या पठारावर जांभ्या दगडावरील बोटभर मातीत पावसाळ्याच्या अखेरीस फुले येतात, ती पाहिल्यावर थोडक्या आधारावर काय उगवू शकते ते कळते.

मी मुख्याध्यापक असताना दरवर्षी मुलांना घेऊन अशा वाटा चालत असे. एका वर्षी आम्ही खटाव तालुक्यातील वर्धनगडावर गेलो होतो. बरोबर माणदेशातील एका मेंढपाळाचा मुलगा होता. वर्गात तो कधी तोंड उघडीत नसे. गडाच्या उतारावर गवत वाढले होते. वर्गात पहिला येणारा मुलगा म्हणाला, “सगळे गवत सारखेच.” तेव्हा हा मुलगा प्रथमच बोलला. त्याने तीन-चार काड्या उपटून हातावर ठेवल्या आणि सांगू लागला : हे मारवेल, जनावर आवडीने खाते, हे पवन्या, आणि हे कुसळी, कोवळे असताना मेंढी खाते, पण पिकले की त्याची कुसळे लोकरीत शिरतात आणि कातडीला टोचतात, म्हणून तेव्हा कळप तिकडे न्यायचा नाही. सारी मुले त्याच्याभोवती गोळा झाली. मी त्याला म्हणालो, “हे सारे आज रात्री वहीत लिहून काढ.” तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, “गुरुजी, ह्ये बी लिवायचं असतं व्हय?”

मुलांनो, त्या एका प्रश्नात सारे आले. आपल्या घरी जे ज्ञान आहे, ते ज्ञानच आहे, हे त्या मुलाला सात वर्षांच्या शाळेत कोणी सांगितलेच नव्हते. त्याने रात्री दीड पान लिहिले. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. त्या पुढे सावकाश दुरुस्त झाल्या. परंतु त्या दिवसानंतर वर्गातील त्याचे मौन सुटले. आणि पहिला येणारा मुलगाही काही शिकला : ज्याला आपण मागे समजत होतो, तो एका वाटेवर आपल्या पुष्कळ पुढे आहे.

वर्गाबाहेरच्या शिक्षणाचे खरे मोल मला यातच दिसते. वर्गात पहिल्या पिढीचे मूल बहुधा घेणारे असते. शिवारात ते देणारेही होते. सदैव घेतच राहिल्याने मनुष्य संकोचतो. देऊ लागला की ताठ उभा राहतो. ज्याला मुलाचा खरा सोबती व्हावयाचे आहे, त्याने त्याला केवळ मदत करून भागत नाही. त्याच्याजवळ जे आहे ते ओळखावे, त्याच्याकडून ते मागून घ्यावे, आणि मग त्याला हळूहळू पुस्तकाकडे न्यावे. अर्थात एक सहल काढली म्हणजे काम झाले, असेही नाही. गडावरून उतरल्यावर वही तपासावी लागते, अर्ज भरून द्यावा लागतो, दोन दिवस मूल आले नाही तर त्याच्या घरी जावे लागते. सोबत म्हणजे एका दिवसाचा उत्सव नसून वर्षांचा नेम आहे.

सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावाजवळ सागरेश्वरचे डोंगर आहेत. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ साली याच देवराष्ट्रे गावी झाला. लहानपणीच त्यांचे वडील वारले. अक्षरओळख नसलेल्या विठाई या त्यांच्या मातेने मुलांचे शिक्षण थांबू दिले नाही. आईला वाचता येत नसले, तरी शिक्षणाचे मोल तिला पुरते कळते, याचे हे उदाहरण. पुढे सत्ता हाती आल्यावर गरीब घरच्या विद्यार्थ्यांना शुल्कमाफी देण्याचे धोरण यशवंतरावांच्या सरकारने अवलंबिले. ज्याने वाट कष्टाने चालली, त्याने मागून येणाऱ्यांसाठी वाटेतील एक धोंडा बाजूस सारला.

त्या सागरेश्वरच्या डोंगरांवर एके काळी झाडे उरली नव्हती. वृक्षमित्र धो. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, लोकांना गोळा केले, रोपे लावली. १९८५ साली तेथे अभयारण्य झाले; आज तेथे हरणे व सांबरे हिंडतात. उघड्या डोंगरावर लावलेल्या पहिल्या रोपाचा विचार करा. त्याला सावली नसते, ओल नसते. गुरे तोंड घालतात. त्याला कुंपण घालावे लागते आणि खांद्यावरून पाणी आणून पाजावे लागते. पण एकदा ते वाढले, की त्याच्या सावलीत ओल टिकते, त्याचा पाला कुजून माती होते, आणि दुसरे रोप थोड्या कष्टाने वाढते. घरातील पहिले शिकणारे मूल हे त्या डोंगरावरचे पहिले रोप आहे. एका मुलाला दिलेली सोबत एकट्या मुलापाशी थांबत नाही. ती त्याच्या धाकट्या भावंडांना आणि पुढच्या पिढ्यांना पुरते.

तुमच्यापैकी कोणी आपल्या घरातून पहिल्यानेच शिकत असेल, तर त्याला मी सांगेन : आईच्या अंगठ्याची लाज बाळगू नकोस. त्या अंगठ्याने तुझ्यासाठी पुष्कळ कष्ट केले आहेत. एक दिवस तूच तिला सही करावयास शिकव. अडले तर विचार. विचारण्यात कमीपणा नाही. आणि ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, त्यांना सांगेन : तुमच्या बाकावर शेजारी जो गप्प बसलेला आहे, त्याच्या बोलीला हसू नका. त्याला तुमचे पुस्तक द्या, आणि त्याच्याकडून त्याचे शिवार शिकून घ्या. सोबत करण्यासाठी मोठे होण्याची वाट पाहावी लागत नाही. शाळेच्या फाटकापर्यंतची वाट तर तुम्ही रोजच चालता. उद्यापासून ती दोघांनी मिळून चाला.